दोनशे बारा तास गेले कुठे?

पत्र असं आहे :

"ताई, मी कामोठ्याला राहते, वय २४. बीएएफ (अकाउंटिंग-फायनान्सची पदवी) झालंय. ऐरोलीला माइंडस्पेसमध्ये एका परदेशी बँकेच्या बॅक ऑफिसात फंड अकाउंटिंगचं काम करते. फेब्रुवारीत माझी सीएफए लेव्हल वन आहे, गुंतवणूक क्षेत्रातल्या तीन टप्प्यांच्या परीक्षेचा पहिला टप्पा. सगळे म्हणतात तीनशे तास लागतात, म्हणून जूनपासून एक्सेलमध्ये तास लिहितेय. कालपर्यंत २१२ झाले. शीट सोबत जोडलीय. परवा पहिली मॉक, म्हणजे सराव परीक्षा, दिली, ४६ टक्के पडले. टीममधला एक जण म्हणतो, तो दीडशे तासांत पास झाला. आई म्हणते नोकरी सोड आणि तीन महिने नीट अभ्यास कर. बाबा काही म्हणत नाहीत, पण फी त्यांनी भरलीय. त्यात डिसेंबरात मामेबहिणीचं लग्न. मला खरंच किती तास लागतील?
– मानसरोवर स्टेशनची एक प्रवासी"

प्रिय प्रवासी,

शीट जोडलीस हे फार बरं केलंस. पत्रापेक्षा तीच जास्त बोलते. शेजारच्या कॉलममध्ये तू प्रत्येक बैठकीत काय केलंस तेही लिहिलंयस, म्हणून मी काल रात्री जेवण झाल्यावर सरळ बेरजा मारल्या. गाडीतले तास ८०. व्हिडिओ लेक्चर ७०. पुस्तक वाचन ४५. आणि प्रश्न सोडवले ते तास? १७.

२१२ पैकी १७. शंभरातले आठ. तुझ्या ४६ टक्क्यांचं कोडं मला तरी इथेच सुटलं.

तीनशेचा आकडा खोटा नाही. सीएफए इन्स्टिट्यूट स्वतःच एका लेव्हलला साधारण तीनशे तास धरायला सांगते. पण ती सरासरी आहे, आणि कोणाची ते पाहा. त्यात सीए झालेले आहेत, इंजिनिअर आहेत, कॉलेजात बसून दिवसभर वाचणारे आहेत, दोन लहान मुलं झोपल्यावर अकरा वाजता पुस्तक उघडणारे आहेत. पनवेल-ठाणे लोकलमध्ये उभ्याने काढलेला तास आणि दार बंद करून टेबलावर काढलेला तास त्या सरासरीत वेगळे मोजलेले नाहीत. कॅलेंडरवर महिने मांडायला हा आकडा चांगला आहे. तेवढे तास भरले म्हणून परीक्षा काही देणं लागत नाही.

तुझ्या टीममधल्या त्या मुलाला एकदा विचार, तू आधी काय केलं होतंस. बहुतेक सीए निघेल, किंवा निदान इंटर झालेला. ज्याने सीएच्या आर्टिकलशिपमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणात, बॅलन्सशीटं चाळत दिवस काढले, त्याला फायनान्शियल स्टेटमेंट ॲनालिसिस (एफएसए, कंपन्यांचे हिशेब वाचणं) म्हणजे जुना शेजारी नव्या सोसायटीत भेटल्यासारखं. त्याचे दीडशे तास सुरू होण्याआधी हजारभर तास खर्ची पडलेले असतात, फक्त ते शीटमध्ये दिसत नाहीत. तुझेही काही तसे आहेत. बीएएफला लिफो-फिफो, म्हणजे शेवटी आलेला माल आधी गेला की पहिला आलेला, असा साठ्याचा हिशेब, करून झालंय. लिफो अमेरिकेच्या हिशेबनियमांत, यूएस गॅपमध्ये, चालतं, आंतरराष्ट्रीय नियमांत, आयएफआरएसमध्ये, चालत नाही, आपल्या भारतीय इंड एएसमध्येही नाही, एवढं नवीन लक्षात ठेवलंस की तो धडा निम्मा झाला. आणि रोज एनएव्ही, म्हणजे फंडाच्या युनिटची किंमत, काढणाऱ्या मुलीला म्युच्युअल फंड म्हणजे काय हे कोणी शिकवायला नको.

आता ४६ टक्क्यांकडे येऊ. थोडं कडू बोलणार आहे, पण गणितच तसं आहे. लेव्हल वनला १८० प्रश्न, प्रत्येकाला तीन पर्याय, चुकलं तर गुण वजा होत नाहीत. समज, एखादीला ३४ प्रश्नांची उत्तरं पक्की ठाऊक आहेत आणि उरलेल्या १४६ वर तिने डोळे मिटून बोट ठेवलं. तिसरा हिस्सा, म्हणजे ४८-४९, आपोआप बरोबर येतात. बेरीज ८३, म्हणजे ४६ टक्के. तू काही डोळे मिटून ठोकली नसशील, अर्धवट आठवणारं बरंच असेल. पण "जवळजवळ निम्मं येतंय मला" हा जो दिलासा आकडा देतो, तो घेऊ नकोस. याच हिशेबाने ७० टक्क्यांसाठी ९९ पक्के लागतात. उरलेल्या ८१ पैकी २७ नशिबाचे, मिळून १२६. किती बरोबर आले की पास, हे इन्स्टिट्यूट सांगत नाही, पण मॉकमध्ये सत्तरच्या आसपास गेल्याशिवाय मी कोणाला निश्चिंत झोप म्हणत नाही.

हे सगळं मी एवढ्या आत्मविश्वासाने सांगतेय, कारण माझीही अशीच एक वही होती. एक्सेल नव्हे, खरी दोनशे पानी वही. २०११ च्या जूनमध्ये मी लेव्हल वन दिली तेव्हा परीक्षा कागदावर व्हायची, २४० प्रश्न, सकाळी तीन तास नि दुपारी तीन तास, आणि वर्षातून दोनदाच. वहीत ३५० तास भरले होते. ठाण्याला आमच्या दोन खोल्यांत मी स्वयंपाकघराच्या ओट्याला पाठ लावून बसायचे आणि पुस्तकातली पानंच्या पानं पिवळ्या हायलायटरने रंगवायचे. शेवटी न रंगवलेल्या ओळीच उठून दिसायला लागल्या. नापास झाले. निकाल पाहून पहिला विचार आला तो असा, की वही चुकली असेल. डिसेंबरला पुन्हा बसले तेव्हा त्याच्या निम्मेसुद्धा तास झाले नव्हते. फक्त या वेळी पुस्तक मिटून, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं आणि मग प्रश्न सोडवायचे, एवढंच केलं. पास झाले.

तेव्हा वाटलं नशीब. पुढे कळलं, यावर प्रयोगच झालाय. रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली तो प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. तुझी व्हिडिओंची गोष्ट हीच आहे. लेक्चर संपल्यावर पाच मिनिटं सगळं येत असतं, म्हणून तू समाधानाने शीटमध्ये "२ तास" लिहितेस. आठवड्याने बाँडच्या धड्यातली ड्युरेशन आणि कॉन्व्हेक्सिटी कोण कुठली, असं होतं.

शीटमध्ये आणखी एक गोष्ट दिसली. क्वांट (गणित-संख्याशास्त्र) : ४१ तास. एथिक्स (व्यवसायातली नीतिमूल्यं) : शून्य. का, तेही कळलं. अभ्यासक्रमात क्वांट पहिल्यांदा येतं आणि एथिक्स सगळ्यात शेवटी. आमच्या वेळी उलटं होतं, पहिलंच पुस्तक एथिक्सचं, त्यामुळे आळशातला आळशीही ते तरी वाचायचा. पण पेपरात क्वांटला वजन ६ ते ९ टक्के आणि एथिक्सला १५ ते २०. एफएसए, इक्विटी (शेअर), फिक्स्ड इन्कम (बाँड) प्रत्येकी ११ ते १४. एथिक्स आणि हे तीन मिळून कमीत कमी ४८ टक्के होतात, म्हणजे अर्धा पेपर इथेच आहे. तू मात्र जून-जुलैचा ताजा दम क्वांटमधल्या हायपोथिसिस टेस्टिंगवर खर्च केलास. झालं ते झालं. ते वाया गेलेलं नाही, पण आता क्वांटचं पुस्तक माळ्यावर टाक आणि त्याचे फक्त प्रश्न सोडव.

एथिक्सबद्दल "आपण काय लबाड आहोत का, येईल की" असं समजू नकोस. तिथे चांगुलपणा तपासत नाहीत. सात स्टँडर्ड्स, म्हणजे आचारनियम, आहेत आणि त्यांचे बारकावे विचारतात. दिवाळीला खूश झालेल्या क्लायंटने दिलेली महागडी भेट आणि तुमच्याकडून धंदा हवा असलेल्या ब्रोकरने दिलेली महागडी भेट, घरी दोन्ही सारख्याच हौसेने उघडल्या जातात. परीक्षेत नाही. क्लायंटची भेट कंपनीला कळवून घेता येते, ब्रोकरची नाकारावी लागते. असे प्रश्न नुसतं वाचून येत नाहीत. दोनशे सोडवले की मग हात आपोआप योग्य पर्यायाकडे जायला लागतो.

आता तुझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर. परीक्षेला तेरा आठवडे उरलेत. त्यातले नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी अखेरचे तीन आठवडे मी सोडून देते, कारण मंथ-एंडला तुमच्याकडे काय चालतं ते मला माहीत आहे, आणि डिसेंबरचं तर इयर-एंड. त्या तीन आठवड्यांत मिळून बारा तास झाले तरी पुष्कळ. उरलेल्या दहा आठवड्यांत सोमवार ते शुक्रवार रोज सव्वा तास आणि शनिवार-रविवार चार-चार, म्हणजे आठवड्याला सव्वाचौदा. सगळं धरून दीडशेच्या थोडं वर जातं. तेवढे पुरतील, पण टेबलावरचे. गाडीतला एकही मिनिट यात धरू नकोस.

त्यातले पंचेचाळीस तास पाच पूर्ण मॉकसाठी बाजूला काढ. एक मॉक साडेचार तासांची, सव्वादोन-सव्वादोन तासांची दोन सत्रं, आणि तेवढेच तास ती तपासायला. तपासणं सोडलंस तर मॉक देण्यात अर्थ नाही. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे लिही, की मला हे माहीतच नव्हतं, की माहीत असून आठवलं नाही, की प्रश्नातलं "लीस्ट लाइकली" (सगळ्यात कमी शक्यता कशाची) वाचायचं राहिलं. तिसऱ्या प्रकारच्या चुका पहिल्या मॉकमध्ये दहा-पंधरा तरी निघतात, असा माझा अनुभव आहे, आणि त्या सुधारायला पुस्तक लागत नाही. अंदाजाने बरोबर आलेल्यांनाही खूण कर. ते तुझे नाहीत, उधारीचे आहेत.

उरले साधारण एकशे दहा तास. एका प्रश्नाला, उत्तराचं स्पष्टीकरण वाचण्यासह, चार मिनिटं धरली तर दीड हजारावर प्रश्न होतात. शीटमधला "तास" हा कॉलम उडवून टाक आणि तिथे "प्रश्न" आणि "बरोबर" असे दोन कॉलम कर. रात्री साडेदहाला शिणून बसल्यावर तासाच्या कॉलममध्ये स्वतःला फसवता येतं, पेन हातात धरून झोपलं तरी तास भरतो. प्रश्नांच्या कॉलममध्ये ते जमत नाही. धडा वाचायचाच असेल तर आधी त्याचे दहा प्रश्न सोडव, सगळे चुकू देत, मग वाच. काय शोधायचंय ते डोळ्यांना कळतं.

गाडी पूर्ण सोड असं नाही म्हणत. मानसरोवरला तुला जागा मिळत असेल तर नेरूळपर्यंत फॉर्म्युल्यांची कार्डं पाहा. पुढे जुईनगर-तुर्भ्याची गर्दी चढली की पिशवीत ठेव, आणि आपलं स्टेशन येईपर्यंत मनात एकच गोष्ट आठवून बघ : आज सकाळी काय केलं. किंवा काहीच नको. खिडकीबाहेर पाहा. परतीच्या गाडीत तर मी अभ्यासाला बंदीच घालीन. घरी पोचून जो सव्वा तास बसायचंय, त्याच्यासाठी डोकं शिल्लक राहू दे.

घरात बसायला जमत नसेल तर कामोठ्या-खारघरच्या बाजूला महिन्याच्या फीवर चालणाऱ्या अभ्यासिका आहेत. एमपीएससी करणारी मुलं-मुली तिथे सकाळी सहापासून असतात. ती शांतता पाहून आपोआप बसावंसं वाटतं. शनिवार-रविवारपुरती जागा मिळते का विचार.

कॅल्क्युलेटरचा एक स्वतंत्र परिच्छेद, कारण यावर फुकट गुण जातात. तुझ्याकडे बीए टू प्लस असेल तर आत्ता २ + ३ × ४ करून बघ. बहुतेक २० दाखवेल. मशीन बिघडलेलं नाही. ते मुळात चेन पद्धतीवर असतं, आधी बेरीज करून मग गुणतं. सेटिंग एओएसवर, म्हणजे आधी गुणाकार करणाऱ्या पद्धतीवर, नेलंस की १४ येतील. आणि प्रत्येक नवीन टीव्हीएम (पैशाचं काळानुसार मूल्य) गणिताआधी जुने आकडे पुसायची सवय लाव, नाहीतर मागच्या बाँडचं कूपन पुढच्या गणितात गुपचूप जाऊन बसतं. परीक्षेत एका प्रश्नाला नव्वद सेकंद असतात, तेव्हा उत्तर पर्यायांत का नाही हे शोधायला वेळ नसतो.

आईंचं म्हणणं. त्यांची काळजी कळते, पण नोकरी सोडू नकोस. त्यांच्या डोळ्यांसमोर सीएचा अभ्यास असणार. आर्टिकलशिप संपवून सहा महिने फक्त फायनलला बसणारी मुलं सगळ्यांनी पाहिलेली असतात. ती रचनाच वेगळी आहे, सीएच्या नव्या योजनेत त्यांच्या इन्स्टिट्यूटनेच तेवढा मोकळा काळ ठेवलाय. सीएफए मुळात नोकरी करणाऱ्यांना धरून आखलेली आहे. शिवाय तिन्ही लेव्हल पास होऊनही चार्टर, म्हणजे नावापुढे सीएफए लावायचा हक्क, हातात पडत नाही, त्याला कमीत कमी ३६ महिन्यांत ४,००० तासांचा संबंधित कामाचा अनुभव लागतो. आज नोकरी सोडून तू तीन महिने मिळवशील खरे, पण माझ्या माहितीत ज्या दोघींनी असं केलं, त्या पहिल्या महिन्यात दिवसाचे दहा तास बसल्या आणि दुसऱ्या महिन्यात घरातल्या गॅस-सिलिंडरपासून आजीच्या डोळ्यांच्या तपासणीपर्यंत सगळं त्यांच्याच वाट्याला आलं. "तू काय, घरीच आहेस." दाराबाहेर ऑफिस असलं की निदान हे वाक्य कोणी म्हणत नाही.

बाबांच्या गप्प बसण्याचा अर्थ मी लावणार नाही. पण फी डॉलरमध्ये जाते, ती रक्कम तुझ्याही डोक्यावर बसलेली दिसते. म्हणून एक सांगून ठेवते : एका लेव्हलला वर्षात दोनदा आणि एकूण सहा वेळा बसता येतं. फेब्रुवारी हा शेवटचा दरवाजा नाही. ४६ वरून निघालेली मुलगी तेरा आठवड्यांत पोचते, मी पोचताना पाहिलंय. पण जानेवारीच्या मध्यावर तिसऱ्या मॉकमध्ये साठच्या खालीच असशील, तर बाबांना तेव्हाच सांग, निकालाच्या दिवशी नको. एक कप चहा आणि शीट घेऊन बस त्यांच्यासमोर. गप्प माणसांना आकडे दाखवलेले आवडतात.

आणि लग्न. लग्नाला जा. हळदीला जाऊ नकोस. आपल्याकडची हळद रात्री दोनला संपते, डीजे कानात दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत वाजत राहतो, आणि त्या रविवारची मॉक गेलीच म्हणून समज. लग्नाच्या दिवशी मात्र पुस्तक घरी ठेवून जा, पर्समध्ये कार्डंसुद्धा नकोत. मांडवात कोपऱ्यात बसून फ्लॅशकार्ड चाळणारी आतेबहीण कोणालाच नको असते. मामी विचारतील, "कसली गं परीक्षा, बँकेची का?" हो म्हण. लेव्हल वन समजावत बसलीस तर जेवणाची पंगत निघून जाईल.

शिल्लक रजा किती आहे ते तू लिहिलं नाहीस. जेवढी असेल तेवढी सगळी परीक्षेआधीच्या शेवटच्या दहा दिवसांत घे, आधी एकही मोडू नकोस. चौथी आणि पाचवी मॉक त्याच दिवसांत, परीक्षेच्याच वेळेला बसून दे. तुझा स्लॉट सकाळचा असेल तर सकाळी. रजेचा अर्ज उद्याच टाक. आत्ता मॅनेजर फेब्रुवारीचं कॅलेंडर न बघता हो म्हणेल. डिसेंबर-एंडचं ऑडिट सुरू झाल्यावर म्हणणार नाही.

तुझी,
ताई